जठराची सूज: आधी काय थांबवायचं, मग काय खायचं

पोटात आग पडली की उपाय सांगणाऱ्यांना तोटा नसतो. कुणी थंड दूध सांगतं, कुणी ज्येष्ठमध, कुणी कोबीचा रस, कुणी चिमूटभर सोडा. मी यातलं जवळजवळ सगळं एकाच आठवड्यात करून बघितलं होतं. गुडघ्यासाठी रोज सकाळी उपाशीपोटी घेत असलेली वेदनाशामक गोळी तेवढी चालू ठेवली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! डॉक्टरांनी ती गोळी बंद केली आणि दोनतीन आठवड्यांत जेवण पूर्वीसारखं जायला लागलं. त्याचं श्रेय मी बरेच दिवस ज्येष्ठमधाला देत होतो.

म्हणून इथे क्रम वेगळा ठेवलाय. घरगुती उपाय येतील, पण शेवटाकडे.

नेमकं बिघडलंय काय

जठर दिवसाला साधारण दीड-दोन लिटर पाचक रस तयार करतं. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि रिकाम्या जठराचा पीएच १.५ ते ३.५ च्या आसपास राहतो (हा आकडा सातच्या जितका खाली, तितकं आम्ल तीव्र). मांस पचवणारा हा रस जठरालाच का पचवत नाही? कारण आतल्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, त्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं, आणि अस्तराच्या वरच्या पेशी दर काही दिवसांनी झडून नव्या येतात. हा थर पातळ पडला किंवा पेशी दुखावल्या की अस्तराला सूज येते. तीच गॅस्ट्रायटिस.

म्हणजे अ‍ॅसिड 'जास्त' झालेलंच असतं असं नाही. नेहमीचंच अ‍ॅसिड दुखावलेल्या जागेला झोंबतं. आणि अस्तर मुळात स्वतःहून भरून येणारं आहे, फक्त इजा थांबायला हवी.

त्रास बहुधा बरगड्यांच्या खाली मधोमध होतो: जळजळ, कुरतडल्यासारखं दुखणं, मळमळ, चार घासांत पोट भरल्यासारखं वाटणं, करपट ढेकर. छातीत वर चढत जाणारी जळजळ आणि तोंडात आंबट पाणी येणं हा बहुतेकदा अन्ननलिकेचा प्रश्न असतो. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, आणि बोलताना आपण दोन्हीला 'अ‍ॅसिडिटी' किंवा 'पित्त' म्हणून मोकळे होतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती पुढे कामाला येईल. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार लागला. तो जगला, पण जठरात उघडणारं भोक कायमचं राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरनं पुढे कित्येक वर्षं त्या भोकातून जठर डोळ्यांनी पाहिलं आणि १८३३ साली निरीक्षणं छापली. दारूचे दिवस झाले की अस्तरावर लाल चट्टे आणि ओरखडे दिसत. गंमत म्हणजे सेंट मार्टिनची त्या वेळी फारशी तक्रारच नसे. आजही एंडोस्कोपीत (तोंडातून दुर्बिणीची नळी घालून आत बघताना) हाच विसंवाद दिसतो: अस्तर लालेलाल पण माणूस मजेत, किंवा माणूस हैराण आणि अस्तर बऱ्यापैकी स्वच्छ. तेव्हा 'जळजळ थांबली म्हणजे सूज गेली' हा हिशेब धरू नका.

पहिली पायरी: हे घरी बसून बघण्यासारखं आहे ना?

डांबरासारखी काळी, चिकट शौच. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही. न ठरवता उतरलेलं वजन. गिळताना घास अडकणं. सतत उलट्या. अंगात रक्त कमी असल्याचा अहवाल. यातलं एकही असेल तर पथ्यपाणी बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर त्याच दिवशी, लगेच. (लोहाच्या गोळ्यांनी आणि बिस्मथच्या औषधांनीही शौच काळपट होते. ती चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःच निष्कर्ष काढून गप्प बसू नका.) वयाच्या साठीच्या आसपास किंवा पुढे हा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला असेल, तरी तपासणी आधी.

आणि छातीत दाब, घाम, दम लागणं, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरणं हे 'गॅस' समजून सोडा पिऊन झोपायचं दुखणं नव्हे. हृदयविकाराचा झटका कित्येकदा अ‍ॅसिडिटीचं सोंग घेऊन येतो.

दुसरी पायरी: इजा कोण करतंय ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कागद घ्या आणि गेल्या दोन महिन्यांत पोटात गेलेली प्रत्येक गोळी लिहा. डोकेदुखीसाठी अधूनमधून घेतलेली, सर्दीच्या पाकिटातली, पाठीसाठी शेजाऱ्यानं दिलेली, सगळी.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, अ‍ॅस्पिरिन ही वेदनाशामकं यादीत असतील तर संशयित सापडला म्हणायला हरकत नाही. ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे दुखणं आणि सूज कमी होते खरी, पण जठराचा श्लेष्मा आणि बायकार्बोनेट टिकवायचं कामही प्रोस्टाग्लँडिनच करतं. म्हणूनच 'मी जेवल्यावर घेतो' या पळवाटेनं इजा पूर्ण टळत नाही. गोळी रक्तातून पोहोचूनही तेच करते, आणि इंजेक्शन घेतलं तरी जठर सुटत नाही. साध्या दुखण्याला, योग्य मात्रेत, पॅरासिटामॉल जठराला बरंच सौम्य पडतं. मात्र हृदयासाठी किंवा स्ट्रोकनंतर अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. त्यात पोटापेक्षा मोठा धोका आहे. डॉक्टर त्यासोबत जठराचं संरक्षण करणारं औषध जोडू शकतात.

लोहाच्या गोळ्या, पोटॅशियमच्या गोळ्या, डॉक्सिसायक्लिनसारखी काही प्रतिजैविकं आणि हाडांसाठीची काही औषधंही पोटाला किंवा अन्ननलिकेला झोंबतात. घोटभर पाण्यावर गोळी ढकलून लगेच आडवं व्हायची सवय असेल तर आजच सोडा.

दुसरा संशयित डोळ्यांना दिसत नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या जठरात राहतो, असा अंदाज वर्षानुवर्षं दिला जातो. बहुतेकांना तो बहुधा लहानपणीच लागतो, आणि पुष्कळांना कधी जाणवतही नाही. जठराच्या आम्लात जिवाणू तगणारच नाहीत अशी वैद्यकाची पक्की समजूत होती. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तरी कुणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनं त्या जिवाणूंचं पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि काही दिवसांत त्याला गॅस्ट्रायटिस झाली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ मध्येच या जिवाणूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय, त्यामुळे सापडला तर 'असू दे' म्हणून सोडण्यासारखा तो नाही.

तपासणी सोपी आहे: श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातल्या अँटिजेनची (जिवाणूच्या अंशांची) चाचणी. फक्त, अ‍ॅसिड कमी करणाऱ्या ओमेप्रॅझोलच्या जातीच्या गोळ्या आधी दोन आठवडे आणि प्रतिजैविकं आधी चार आठवडे बंद असावी लागतात, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल 'नाही' येऊ शकतो. गोळ्या थांबवायच्या त्या डॉक्टरांना विचारून. अहवाल 'आहे' आला तर प्रतिजैविकांचा कोर्स घ्यावाच लागतो, साधारण १४ दिवसांचा. कुठल्याही पथ्यानं हा जिवाणू जात नाही. मधेच बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धा सोडला तर उरलेले जिवाणू पुढच्या वेळी औषधाला दाद न देण्याची भीती असते.

दारू आणि तंबाखू यांच्याबद्दल फार लिहायची गरज नाही. दारू अस्तराला थेट पोळते, धूम्रपान भरून येण्याचं काम लांबवतं. बरं व्हायच्या काळात दोन्ही शून्य. 'कमी केलंय' हे इथे उत्तर होत नाही.

एक प्रकार मात्र आहारानं हलत नाही. काहींच्या शरीराची प्रतिकारशक्तीच जठराच्या आम्ल बनवणाऱ्या पेशींवर उलटते. त्यात बी-१२ शोषलं जात नाही, लोह कमी पडतं, आणि आम्ल जास्त नसून उलट कमी असतं. थकवा, हातापायांना मुंग्या आणि घरात थायरॉइडसारखे स्वयंप्रतिकार विकार असतील तर हा विषय डॉक्टरांपुढे काढा.

तिसरी पायरी: पहिले चारपाच दिवस

अस्तर दुखावलेलं असताना खाण्याचा उद्देश एकच: घासू नये, ताणू नये, भडकवू नये. पोषणाचा समतोल नंतर बघता येतो.

मऊ शिजवलेला भात, पाण्यात शिजवलेले ओट्स, उकडलेला बटाटा, वाफवलेलं गाजर किंवा लाल भोपळा, पिकलेलं केळं, पपई, उकडलेलं अंडं, कमी तेलात शिजवलेला मासा किंवा चिकन, मऊ शिजलेली सालाविना डाळ. यातलं जे तुमच्या घरात आधीपासून शिजतं ते निवडा. आजारपणात नवे पदार्थ शिकायला जाऊ नका. अन्न कोमट असू द्या आणि चावून चावून खा.

काय खाल्लं यापेक्षा किती आणि केव्हा खाल्लं हे या दिवसांत जास्त महत्त्वाचं ठरतं. जठर ताणलं की जास्त आम्ल सुटतं, म्हणून दोन भरपेट जेवणांऐवजी पाच छोटी खाणी करा. फार वेळ उपाशी राहू नका. पित्त झालं की लंघन करावं, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. उलट्या चालू असताना काही तास पोटाला विश्रांती देणं ठीक, पण दिवसभर कोरडं पोट ठेवलं तरी आम्ल झिरपतच राहतं आणि त्याला बांधून ठेवायला आत अन्न नसतं. रात्रीचं शेवटचं खाणं झोपण्याआधी अडीच-तीन तास.

बंद काय? तळलेलं आणि तुपकट, कारण चरबी जठर रिकामं व्हायला वेळ लावते. टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं, व्हिनेगर, लोणच्यासारखं आंबट-खारट. फसफसणारी पेयं. कॉफी. इथे एक चूक हमखास होते: लोक कॅफीनविरहित कॉफीवर जातात. पण ती कॉफीही आम्लाचा स्राव वाढवते. दोष एकट्या कॅफीनचा नाही. कडक चहाही काही दिवस नको.

तिखटाचं काय? तिखटानं गॅस्ट्रायटिस होते असा पुरावा भक्कम नाही. पण झालेल्या जखमेला ते झोंबतं हे कुणी वेगळं सांगायला नको. तेव्हा आत्ता बंद, पण जन्माची शिक्षा म्हणून नाही.

चौथी पायरी: ताट हळूहळू मोठं करणं

साधारण आठवड्यानं जळजळ उतरली की पदार्थ परत आणायचे, एका वेळी एकच. पहिल्या दिवशी थोडा, पुढचे दोन दिवस नेहमीच्या मात्रेत. तीन दिवसांत काही झालं नाही तर तो यादीत पक्का. मग पुढचा.

यासाठी वही लागते. मोबाइलमधलं अ‍ॅप चालेल, पण वही जास्त दिवस टिकते असा माझा अनुभव. वेळ, खाल्लेलं, त्रास शून्य ते दहापैकी किती, आणि सोबत दोन रकाने जे सगळे विसरतात: झोप किती झाली आणि दिवस कसा गेला. माझ्या वहीत तीन आठवड्यांनी दिसलं की टोमॅटोला मी उगाच बदनाम केलं होतं. त्रासाचे सगळे दिवस रात्री बाराच्या पुढे जागलेले होते. ताणानं एकट्यानं जठराला सूज येते असं म्हणता येणार नाही (अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांची गोष्ट वेगळी), पण तीच जळजळ तो दुप्पट जाणवायला लावतो.

वहीचा दुसरा फायदा म्हणजे ती तुम्हाला अतिपथ्यापासून वाचवते. सहा महिने भात आणि बटाट्यावर काढलेली, वजन घटलेली आणि तरीही जळजळणारी माणसं मी पाहिलीत. भाज्या, फळं, कडधान्यं, पूर्ण धान्यं परत यायलाच हवीत. महिन्याभरात तुमच्या बंद पदार्थांची यादी लहान होत नसेल तर चूक पथ्यात नसून निदानात असण्याची शक्यता जास्त.

पाचवी पायरी: घरगुती उपाय, एकेक करून

थंड दूध. पहिली वीस मिनिटं स्वर्ग. मग दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. १९१५ पासून पुढे कित्येक दशकं अल्सरच्या रुग्णांना बर्ट्रम सिपी या अमेरिकन डॉक्टरच्या पद्धतीनं तासातासाला दूध-साय पाजली जायची. ती पद्धत आज इतिहासजमा आहे. जेवणाचा भाग म्हणून दूध सोसत असेल तर घ्या, औषध म्हणून घोट घोट पीत राहू नका.

खायचा सोडा. आम्ल खरंच मारतो, आणि त्या धुमश्चक्रीत कार्बन डायऑक्साइड तयार होऊन पोट फुगवतो. शिवाय सोडियम भरपूर. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर हात लावू नका. इतरांनीही रोजचा करू नये.

ज्येष्ठमध. यात दम आहे. याच मुळापासून निघालेलं कार्बेनॉक्सोलोन हे १९६०च्या दशकात अल्सरवरचं औषध होतं. पण ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन रक्तदाब चढवतं आणि पोटॅशियम उतरवतं, म्हणून ते औषधही पुढे मागे पडलं. रक्तदाब असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि पाणी काढणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी टाळा. ग्लिसरायझिन काढून टाकलेलं ज्येष्ठमध मिळतं, ते तुलनेनं सुरक्षित.

कोबीचा रस. १९४९ मध्ये गार्नेट चेनी यांनी अल्सरच्या १३ रुग्णांना रोज सुमारे लिटरभर ताजा रस पाजून ते लवकर बरे झाल्याचं छापलं. तुलनेला रस न प्यायलेला दुसरा गट नव्हता, तेव्हा त्यावर किती भिस्त ठेवायची ते तुम्हीच ठरवा. लिटरभर कच्च्या कोबीनं पोट काय फुगतं हे मी अर्ध्या लिटरवरच शिकलो. शिजवलेला कोबी थोडा थोडा खा, पुष्कळ झालं.

ब्रोकोलीचे कोंब. जपानमधल्या २००९ च्या एका अभ्यासात रोज ७० ग्रॅम कोंब आठ आठवडे खाल्ल्यावर जठरातले हेलिकोबॅक्टर कमी झाले, आणि खाणं थांबवल्यावर दोन महिन्यांत पुन्हा पूर्वपदावर आले. घरगुती उपायांची ताकद आणि मर्यादा दोन्ही इतक्या नेमकेपणानं दुसरीकडे क्वचित दिसतात. प्रतिजैविकांना जोड म्हणून चालतील, त्यांच्याऐवजी नाही.

आलं मळमळीवर चांगलं काम करतं. पातळ काढा करा, कारण जास्त झालं की तेच जळजळतं. दही सोसत असेल तर घ्या, विशेषतः प्रतिजैविकांच्या काळात. हळद स्वयंपाकात असू द्या. तिच्या अर्काच्या तीव्र कॅप्सूल मात्र नको, त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. कोरफडीचा रस घरी काढत असाल तर सांभाळा: पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक जोरदार रेचक असतो. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी यातलं काहीही औषधी मात्रेत घेण्याआधी विचारावं.

सफरचंदाचं व्हिनेगर? सुजलेल्या अस्तरावर आणखी आम्ल ओतायचं! 'तुमच्यात आम्लच कमी आहे' हा युक्तिवाद तपासणीशिवाय मानू नका.

आणि जो उपाय कराल तो एका वेळी एकच, किमान आठवडाभर. पाच उपाय एकदम सुरू केले की कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं, दोन्ही कळत नाही.

गोळ्या चालू असतील तर

ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल या गोळ्या आम्लाचे पंप बंद करतात. जेवण सुरू झालं की पंप जागे होतात, म्हणून गोळी त्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. जेवण झाल्यावर आठवण झाली म्हणून घेतली तर निम्मं काम वाया. 'नैसर्गिक' उपचार करायचाय म्हणून ती नाकारण्यात मला शहाणपण दिसत नाही. अस्तर भरून येईपर्यंत ती त्याला निवांतपणा देते.

पण वर्षानुवर्षं आपल्या आपण घेत राहणंही बरं नव्हे. बंद करताना तडकाफडकी केली तर आम्ल काही दिवस उसळून येतं. अजिबात त्रास नसलेल्या लोकांना आठ आठवडे अशी गोळी देऊन थांबवल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना नव्यानं जळजळ सुरू झाली, असं २००९ च्या एका डॅनिश प्रयोगात दिसलं. तेव्हा गोळी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात जळजळलं तर 'आजार परतला' असं लगेच समजू नका. डॉक्टरांशी बोलून मात्रा अर्धी, मग दिवसाआड, मग बंद, असं करता येतं.

किती दिवस?

दारूच्या एका रात्रीनं किंवा चार दिवसांच्या वेदनाशामकांनी आलेली सूज काही दिवसांत ते दोन आठवड्यांत उतरते. जुनी असेल तर आठवडे, कधी महिने. मधे एखादा वाईट दिवस येणारच. त्या दिवशी तिसऱ्या पायरीवर परत जा, दोन दिवस मऊ खा आणि वही उघडून आधीच्या ४८ तासांत काय झालं ते बघा.

कारण दूर करून, नीट खाऊन दोन ते चार आठवड्यांत फरकच पडला नाही तर वही घेऊन डॉक्टरकडे जा. 'पोट बरं नसतं' यापेक्षा ती वही त्यांना कितीतरी जास्त सांगते. आणि हेलिकोबॅक्टरचा कोर्स झाला असेल तर औषधं संपल्यावर चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी पुन्हा करा. तोवर तुम्हाला ठणठणीत वाटत असेल आणि ती चाचणी फुकट जाणारी वाटेल. तरीही करा, सेंट मार्टिनलाही ठणठणीतच वाटत होतं.